आनंद करणे

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये, उपदेशाच्या व्यासपीठामागच्या भिंतीवर, निळ्या रंगात एक ओळ लिहिलेली होती : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ दरवर्षी नाताळाच्या आधी भिंतींना चुना दिला जाई, त्याखाली ती ओळ नाहीशी होई, आणि चुना वाळला की गावातलाच एक रंगारी ती पुन्हा लिहून देई. त्यामुळे अक्षरांचे वळण दरसाल थोडे बदलत असे आणि एका वर्षी तर ‘सर्वदा’मधला रफार राहून गेला होता, पण ओळ तीच राहिली. वाचायला शिकल्यावर मी पाठ्यपुस्तकाबाहेरचे जे पहिले वाक्य स्वतः लावून वाचले ते हेच असावे. त्याचा अर्थ लागायला मात्र फार वर्षे गेली.

पुढे मी मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षे मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवले. एकदा फळ्यावर ‘मला आनंद झाला’ हे वाक्य लिहून मी त्यातला कर्ता विचारला, तेव्हा वर्गाने एका सुरात ‘मी’ असे उत्तर दिले. ते चूक होते. या वाक्याचा कर्ता ‘आनंद’ आहे. माणूस तिथे फक्त ‘मला’ म्हणून, चतुर्थीचा प्रत्यय लावून, एका बाजूला उभा असतो. आपली भाषा किती खरे बोलते, असे मला त्या दिवशी वाटले. पाऊस होतो, पहाट होते, तसा आनंदही होतो. तो व्हायचा तेव्हा होतो आणि नाही झाला तर माणसाच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नसते. मग आमच्या चर्चच्या भिंतीवर ‘आनंद करा’ असे का लिहिलेले होते? तिथे कर्ता माणूस आहे आणि क्रियापद आज्ञार्थी आहे. पाणी भरा, दिवा लावा, दार उघडा, या आज्ञा समजतात. आनंदाची आज्ञा कशी करता येईल, आणि कोणी केली तर ती पाळायची कशी?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मी आठ वर्षांची असताना पाहिले होते, पण तेव्हा ते उत्तर आहे हे मला कळले नव्हते. 1972चा दुष्काळ होता. विहिरींनी तळ गाठला होता, कडबा संपला होता, आणि आमच्या आजीने घरची बैलजोडी मिळेल त्या किमतीला देऊन टाकली होती. आजोबा त्याआधीच गेले होते. गावाजवळ दुष्काळी काम निघाले आणि आजी खडी फोडायला जाऊ लागली. मोठ्या दगडाचे बारीक तुकडे करायचे, ढीग मोजून द्यायचा आणि हप्त्याच्या शेवटी हजेरीपटावर अंगठा उठवून मजुरी घ्यायची. कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ, मिळे, ती ती पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी घरी आणी. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राने खाल्ल्या, तशा आम्हीही खाल्ल्या.

एकदा मी तिच्यासोबत कामावर गेले होते. भर उन्हात, डोक्यावर ओले फडके टाकून, पंचवीस-तीस बाया ओळीने बसल्या होत्या आणि हातोड्यांच्या ठोक्यांमधून आजीच्या गाण्याचा आवाज येत होता. अभंगाच्या चालीवरचे आमच्या उपासनेतले गीत होते ते. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी आपली भक्ती पहिल्यापासून या मातीच्या चालींत गायली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची कितीतरी गीते अभंग म्हणूनच उतरली आहेत, त्यामुळे त्या ओळीतल्या वारकरी घरच्या बायांनाही ती चाल परकी नव्हती आणि त्या मागे ध्रुपद धरीत होत्या. संध्याकाळी परतताना आजी वाटेत एका बांधावर बसली आणि रडली. बैलांची आठवण झाली, एवढेच म्हणाली. दुपारी गाणारी आजी संध्याकाळी रडते, याचा मेळ मला बसेना, म्हणून मी तिला विचारले. ती म्हणाली, “अगं पोरी, गाणं आलं की गावं आन् रडू आलं की रडावं. दोन्हीबी त्याच्याच म्होरं.”

आजीला वाचता येत नव्हते, पण पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, पुष्कळ तिला तोंडपाठ होते. हबक्कूक संदेष्ट्याच्या छोट्या पुस्तकाचा शेवट तिला विशेष प्रिय होता : अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेताने धान्य दिले नाही, मेंढवाडा रिकामा, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. जैतून म्हणजे काय हे तिला माहीत नव्हते. रिकामा गोठा मात्र तिच्या घराला लागून होता. मी आता त्या वचनाकडे पाहते तेव्हा मला त्यातला ‘तरी’ हा शब्द सगळ्यात जड वाटतो. हबक्कूक गोठा भरल्याचे सांगत नाही आणि उद्या भरेल असेही आश्वासन देत नाही. नुकसानीची एकेक बाब तो पंचनामा केल्यासारखी मोजतो, एकही सोडत नाही, आणि मग ‘तरी’ म्हणतो. नुकसान न मोजता म्हटलेला ‘तरी’ पोकळ असतो, हे मला फार पुढे, माझ्या घरचा पंचनामा करायची वेळ आली तेव्हा समजले.

2013च्या नोव्हेंबरात माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. तेही शिक्षक होते, चर्चच्या मंडळीत पेटी वाजवीत आणि आवाजाने गोड होते. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास, असे डायलिसिस सुरू झाले आणि सहा वर्षे चालले. हिशेब केला तर सहाशेच्या वर फेऱ्या होतात. ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांना बाकी काही सांगावे लागत नाही. पाणी दिवसाला मोजून, औषधाचा घोट आणि आमटीची वाटीही त्याच मापात. नारळपाणी बंद, केळे बंद, पालेभाजी उकळून पाणी फेकून देऊन मग शिजवायची. जाताना वजन, येताना वजन. हातात रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिस्ट्युलावर बोटे ठेवली की आत सतत एक थरथर जाणवते. ती थरथर आहे ना, हे रोज सकाळी पाहायचे असते, कारण ती थांबली तर रक्त बाहेर काढायची वाट बंद झाली असे समजायचे. सहा वर्षे माझा दिवस यजमानांच्या मनगटावर बोटे ठेवून सुरू झाला. कित्येक सकाळी माझी प्रार्थना एवढीच असे.

त्या वर्षांत मी येशूचा प्रेषित पौल याचे बायबलमधले फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा पुन्हा वाचले. भिंतीवरची ती ओळ त्याच पत्रातली आहे. चार अध्यायांचे पत्र, पण त्यात आनंदाचा उल्लेख डझनाहून अधिक वेळा येतो, आणि लिहिणारा बेड्यांत आहे. खटल्याचा निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, हे त्याला ठाऊक नाही. ज्या मंडळीला तो लिहितो तिने त्याला याआधीही बंदिवासात पाहिले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात ती हकीकत आहे. फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना भर चौकात कपडे फाडून छड्यांनी मारले, आतल्या कोठडीत टाकले, पाय खोड्यात अडकवले. आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे प्रार्थना करीत होते, गाणी गाऊन देवाची स्तुती करीत होते. पुढे भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळाल्या. आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना ही गोष्ट सांगताना नेहमी भूकंपाला घाई करतो. रुग्णालयातल्या त्या लांबलचक दुपारी मला तिचा क्रम दिसला : गाणे आधी झाले, भूकंप नंतर. गाताना पाय खोड्यातच होते, पाठीवरचे वळ ओलेच होते, आणि दारे उघडणार आहेत याची त्या दोघांना कल्पनाही नव्हती. म्हणजे सुटका हे त्यांच्या आनंदाचे कारण नव्हते. त्याच वचनात आणखी एक छोटे वाक्य आहे, ‘बंदिवान त्यांचे ऐकत होते.’ त्याच्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

मग त्यांच्या आनंदाला कारण कोणते होते? मला वाटते, उत्तर भिंतीवरच्या ओळीच्या पहिल्या शब्दात आहे. पौल नुसते ‘आनंद करा’ म्हणत नाही, ‘प्रभूमध्ये’ म्हणतो. मी व्याकरण शिकवणारी बाई, त्यामुळे शब्दाच्या शेपटाकडे माझे आधी लक्ष जाते. ‘प्रभूमुळे’ असे नाही, ‘प्रभूकडून’ असेही नाही. ‘मध्ये’ हा शब्द जागा दाखवतो. मुलाला ताप असतो तेव्हा ते आईच्या कुशीत जाते. कुशीत गेल्याने ताप उतरत नाही, पण मूल आता कुशीत असते. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेले माझे यजमान सुई टोचताना दरवेळी डोळे मिटून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र म्हणत, आणि दरवेळी सुई दुखत असे. त्यांचा चेहरा आक्रसलेला मी पाहिला आहे आणि पाठोपाठ त्याच चेहऱ्यावर एक शांत, घरी पोचल्यासारखा भावही पाहिला आहे. एकदा बाजूच्या खुर्चीतल्या तरुण मुलाने त्यांना विचारले, “सर, तुम्हाला भीती वाटत नाही का?” हे म्हणाले, “वाटते ना. पण एकट्याला नाही वाटत.” हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. भीती होतीच, पण तिच्या सोबतीला आणखी कोणीतरी होते.

नोव्हेंबर 2019मध्ये ते गेले. यानंतरचे लिहिणे मला कठीण जाते, पण ते टाळले तर वरचे सगळे खोटे ठरेल.

दफनविधीच्या दिवसापासून मला अनेकांनी सांगितले की रडू नका, ते प्रभूजवळ गेले, आनंद करा. सांगणारी माणसे माझ्यावर प्रेम करणारी होती आणि ते ज्यावर विश्वास ठेवून बोलत होते त्यावर माझाही विश्वास आहे. तरीही ते शब्द मला दगडासारखे लागले. ज्या ओळीच्या छायेत मी वाढले तीच ओळ माझे तोंड बंद करायला वापरली जाते आहे असे मला वाटले आणि काही आठवडे मी उपासनेला जायचे सोडले. घरी पवित्र शास्त्र उघडले की हात आपोआप अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राकडे जाई. दुःखाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटी स्तुतीचे वळण मिळते. या स्तोत्राला मिळत नाही. ते सुरू होते हाकेने आणि संपते अंधारात. कोणा एका माणसाने ही सबंध काळोखी प्रार्थना केली, आणि ती कोणी पुसून टाकली नाही, तिला शेवटी चार गोड ओळी जोडल्या नाहीत, ती जशीच्या तशी देवाच्या वचनात ठेवली गेली, याने मला जितका धीर दिला तितका कोणत्याही सांत्वनाच्या पत्राने दिला नाही. तिथूनच मी येशूचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी आले. ‘येशू रडला.’ दोनच शब्दांचे वचन आहे ते. लाजराला आपण थोड्या वेळात उठवणार आहोत हे ज्याला माहीत होते, तोही आधी रडला. पुनरुत्थानाची खात्री असलेल्याला रडू येऊ नये असे म्हणणाऱ्यांनी या दोन शब्दांचे काय करायचे ते ठरवावे. मी माझ्यापुरते ठरवले आणि पोटभर रडले.

त्या हिवाळ्यात मी दौंडमार्गे केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जाऊन आले. आमच्या घरी रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांच्या आयुष्यातल्या मरणांची ओळ मी कधी एकत्र लावून पाहिली नव्हती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेला भाऊ 1880मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. 1883मध्ये इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला, पण त्यामुळे आयुष्य सोपे झाले असे नाही. पुण्यात टीका झाली, माणसे तुटली. 1896-97च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना व विधवांना सोबत घेऊन आली, कारण भूक काय असते हे ती स्वतः जाणत होती. आणि 1921च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा अंत झाला. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचे जे काम त्यांनी अनेक वर्षे चालवले होते, ते त्या अखेरच्या काळातही हातून सुटले नाही, आणि ते बायबल त्यांच्या पश्चात 1924मध्ये छापून बाहेर आले.

केडगावच्या आवारात बसून मी त्या नऊ महिन्यांचाच विचार करीत राहिले. एकुलती एक मुलगी गेलेली आई टेबलाशी बसून शब्दाला शब्द लावते आहे. हर्ष, उल्लास, आनंद हे शब्द त्या दिवसांत तिच्या नजरेखालून गेलेच असतील. तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या शब्दांपाशी तिने काम थांबवले नाही, एवढे मात्र नक्की. ‘आनंद करा’मधले ‘करा’ मला तिथे पहिल्यांदा पेलता येईल असे वाटले. करणे म्हणजे मनात उसळी आणणे नव्हे. हातातले प्रेमाचे काम, ज्याच्यासाठी ते आहे त्याच्या भरवशावर, न टाकणे, हाही आनंद करण्याचाच प्रकार असेल का? मला तसे वाटते. वधस्तंभाविषयी इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे की ख्रिस्ताने आपल्यापुढे असलेल्या आनंदाकरता तो सहन केला. तिथे आनंद अंगात भरलेला नाही, पुढे ठेवलेला आहे, आणि चालणारा रक्तबंबाळ पायांनी त्याच्याकडे चालतो आहे.

परतल्यावर एका गुरुवारी मंडळीतल्या चार बाया घरी आल्या. त्यांनी उपदेश केला नाही. एकीने ओट्याशी जाऊन खिचडी टाकली, दुसरीने यजमानांची पेटी पुसली, आणि मग त्यांनी दोन गीते म्हटली. मला गाता आले नाही. मी नुसती बसून राहिले. पुढचे कित्येक गुरुवार असेच गेले. आपल्या भाषेत ‘वाटणे’ हा एकच शब्द जाणवण्यासाठी आहे आणि वाटून देण्यासाठीही आहे. त्या दिवसांत मला आनंद वाटत नव्हता, पण त्या बाया तो वाटत होत्या, आणि माझ्या वाट्याचे गाणे माझ्यासाठी गात होत्या. लकवा झालेल्या माणसाला चौघांनी बाजेसकट छपरातून येशूपुढे उतरवले, त्या हकिकतीत त्या आजाऱ्याच्या तोंडी एकही शब्द नाही. मला तो माणूस आता फार जवळचा वाटतो.

2020चा पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, 12 एप्रिलला होता. एरवी त्या दिवशी आम्ही अंधार असतानाच मेणबत्त्या आणि फुले घेऊन दफनभूमीत जातो, कबरींपाशी उभे राहून गीते म्हणतो, आणि तांबडे फुटताना एकमेकांना ‘प्रभू उठला आहे’ म्हणून सांगतो. यजमान गेल्यानंतरचा माझा तो पहिला पुनरुत्थानाचा दिवस, आणि टाळेबंदीमुळे रस्ते बंद होते. त्यांच्या कबरीवर फूल ठेवायलाही जाता येणार नव्हते. मी चार वाजता उठले, सवयीने मेणबत्ती लावली आणि मागच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसले. गाण्याचा विचार मनात नव्हता. एकटीने कसले गायचे, आणि पेटी कोण वाजवणार?

भिंतीपलीकडच्या वहिनी पाणी भरायला उठल्या होत्या. त्यांच्या घरी ख्रिस्ती धर्माचा काही संबंध नाही. वीस वर्षांचा शेजार, एवढेच आमचे नाते. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने भिंतीवरून त्यांनी विचारले, “बाई, जाग आहे ना? आज तुमचं पहाटेचं गाणं नाही का?”

मी म्हटले, “कुठलं गाणं?”

“दरवर्षी याच सुमाराला निघायच्या आधी सर पेटीवर एकदा वाजवून बघायचे ना, ते. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर उठते.”

वीस वर्षे ती बाई अंधारात उभी राहून ऐकत होती आणि आम्हाला ठाऊक नव्हते. मी आत गेले, पेटी उचलून पायरीवर आणली. मला वाजवता येत नाही, तरी भात्याला हात घातला आणि काळी दोनची पट्टी धरून ठेवली. पहिली ओळ घशातच अडकली, दुसरी कशीबशी बाहेर आली. तिसऱ्या कडव्याला मला रडू आले, म्हणून थांबले आणि डोळे पुसून तेच कडवे पुन्हा पहिल्यापासून घेतले. भिंतीपलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. वहिनी तिथेच उभ्या होत्या.